गाडी आता ओरडत नाही

पेल्टो खाडी, मिशिगन
११ नोव्हेंबर १९९६

रेनो,

आणि वर तोंड करून लिहितोस, गाडी नीट ठेव! विकू नकोस म्हणालास, सुटून आलो की मला लागेल म्हणालास, आणि स्वतः जाऊन बसलास पुलापलीकडच्या तुरुंगात. तिथे तुझ्यापुढे वेळेवर ताट येतं आणि दारातला बर्फ दुसरं कोणीतरी उपसतं. इथे मी आहे. नर्सिंग होमच्या लॉन्ड्रीत चादरी धुवून हाताची सालं निघालेली बाई. तिच्या गळ्यात तू ही निळी म्हैस बांधून गेलास.

स्टिअरिंग वळवलं की ती ओरडते. कुरकुरत नाही, ओरडते. रविवारी चर्चच्या आवारात वळवली तर पाद्री बोलायचा थांबला. आई म्हणते वासरू नेल्यावर गाय अशी हंबरते. आणि जड किती! गाडी उभी करताना दोन्ही हातांनी लोंबकळावं लागतं. सकाळच्या थंडीत तर दगड ओढल्यासारखं होतं. वळणावर मी खांद्यानं वळवते की कमरेनं, माझं मला कळत नाही.

मला एकटीला कुठे जायचं असतं तर मी चालत गेले असते. पण आठवड्यातून तीनदा आईला शहरात रक्त धुवायच्या मशीनवर न्यायचं असतं. तासाभराचा रस्ता, अर्धा तळ्याच्या काठानं. त्या काठावर स्टिअरिंग अडकलं तर दोघी माशांना भेटायला जाऊ. पेट्रोल पंपावरचा ऑर्विल म्हणतो, ‘आर्लीन, विकून टाक ही गाडी, माझ्याकडे एक ट्रक आहे.’ त्याच्याकडे नेहमीच एक ट्रक असतो. आई म्हणते, ‘गाडी रेनोची आहे. तो आला की तो बघेल.’

एप्रिलमध्ये सुटकेचं ठरवणाऱ्या बोर्डाचे लोक तुला समोर बसवणार आहेत ना? तोवर हात खिशात ठेव. बाबा गेल्याचं कळलं तेव्हा तू पहारेकऱ्याच्या अंगावर गेलास आणि सुटायची वेळ आलेली असताना दोन वर्षं वाढवून घेतलीस. आई ते रोज काढते. तिला आता दुसरं काही नको. तुला या टेबलाशी बसून जेवताना बघायचं आहे, बस. फोनवर तिला ऐकू येत नाही, म्हणून तिचं म्हणणं इथे लिहिते: ‘लोकरीचे मोजे घाल आणि कोणाला उलट बोलू नकोस.’

आता सांग गाडीचं काय करू. सोप्या भाषेत सांग. मी सातवीत शाळा सोडली, तू नववीत. फार शहाणपणा करू नकोस.

आर्लीन


२० नोव्हेंबर

थोरले,

तुझं पत्र माझ्या खोलीतल्या माणसाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, या बाईला बोर्डावर घ्या, आपण सगळे घाबरून सरळ होऊ.

आधी खरं सांग. त्यात काय ओतलंस? तू दोन पानं भरून ओरडतेस तेव्हा तू स्वतः काहीतरी करून बसलेली असतेस. लहानपणापासून आहे हे.

आता ऐक. स्टिअरिंग हलकं फिरतं ते त्यातल्या तेलामुळे. इंजिनवर एक छोटा पंप आहे, तो ते तेल जोरानं ढकलतो. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, आणि हवा ओढली की ओरडतो. इंजिन थंड असताना बॉनेट उघड. रबरी पट्ट्याजवळ काळं झाकण दिसेल, त्यावर स्टिअरिंगच्या चाकाचं चित्र आहे. झाकणालाच काडी आहे. काडी पुसून परत घाल आणि बघ तेल खालच्या खुणेला पोचतं का. तेल लाल आहे की काळं ते बघ. वास घे. जळकट येतो का? वर फेस आहे का?

मग रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेव. सकाळी डाग कुठे पडलाय ते बघ. नंतर दुसरा पुठ्ठा टाक, इंजिन चालू कर, कोणालातरी चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांग आणि तू पाइपांवर टॉर्च मार. हात पट्ट्यापासून लांब ठेव. तुझे हात आईला लागतात.

ऑर्विलला सांग, त्याच्या ट्रकमध्ये त्यानंच झोपावं.

आईला सांग मोजे घातलेत. एप्रिलच्या दहा तारखेला बोर्ड आहे. मी भिंतीशीसुद्धा नम्रपणे बोलतोय.

रेनो


१ डिसेंबर

रेनो,

हो, ओतलं. काय करणार? लाल होतं, लाल ओतलं. तुझ्या शेडमध्ये फळीवर मशीन-करवतीच्या साखळीचं तेल होतं, तो डबा. या गावात ते तेल लोक कशाला लावत नाहीत? दाराच्या बिजागरीला लावतात, घसरगाडीला लावतात, बाबांनी तर एकदा कोंबडीच्या पायाला लावलं होतं. कोंबडी जगली. मला वाटलं गाडीही जगेल. हसलास ना? हस. तिथे तुला दुसरं काम तरी काय आहे.

काडी बघितली. गुळाच्या पाकासारखं चिकट काहीतरी लोंबत होतं, काळपट लाल, वर साबणासारखा फेस. वास टायर जाळल्यासारखा.

पुठ्ठा टाकला. सकाळी कोरडा ठणठणीत. म्हटलं, चला, गळत तर नाही. मग दुसरा टाकला आणि इंजिन चालू केलं. चाक फिरवायला शेजारच्या हिल्मीला बोलवायला निघाले तर आई कोट घालून दारात उभी. ‘मी फिरवते.’ जन्मात गाडी चालवली नाही या बाईनं! बसली चढून. उशी घेतली पाठीला. मी ओरडले डावीकडे, ती उजवीकडे. मी म्हटलं उजवीकडे, तर म्हणाली, ‘आधी डावीकडे सांगितलंस, आता डावीकडेच जाऊ दे.’ दोन्ही हातांनी चाकाला धरून झुलत होती आणि हसत होती. इतकी हसली की टोपी डोळ्यांवर आली. मी तिला एवढं हसताना बाबा असतानाही बघितलं नव्हतं.

आणि मग दिसलं. पंपातून निघणारा जाड रबरी पाइप आहे ना, तो लोखंडी नळीला जिथे चिमटून बसवलाय तिथून थेंब. चाक टोकाला गेलं की एक थेंब, परत टोकाला गेलं की परत. इंजिन बंद केलं की बंद.

आई म्हणते: ‘मी चांगली चालवते. रेनो आला की मला तळ्यापर्यंत चालवू दे.’

आता पुढचं सांग. आणि लवकर सांग, परवा परत मशीनवर जायचंय.

आर्लीन


९ डिसेंबर

थोरले,

कोंबडीचं मला आठवतं. ती जगली नाही, बाबांनी तुला नवीन आणून दाखवली होती.

करवतीचं तेल साखळीला चिकटून राहावं म्हणून मुद्दाम चिकट करतात. थंडीत ते डांबर होतं. तो बिचारा पंप डांबर ढकलतोय, ओरडणारच. ते सगळं बाहेर काढायला लागेल. त्याला गॅरेज नको. थँक्सगिव्हिंगच्या टर्कीवर रस सोडायची ती रबरी फुग्याची पिचकारी आहे ना आईची? तीच घे. पंपाच्या भांड्यातून जेवढं ओढता येईल तेवढं ओढून डब्यात टाक. वर नवीन तेल भर, स्टिअरिंगचं, बाटलीवर तसं लिहिलेलं. ऑर्विलकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच. ब्रेकचं चुकूनही घालू नकोस, रबरं सगळी फुगून सडतील. मग इंजिन चालू करून चाक हळूहळू दोन्हीकडे फिरव, बंद कर, परत ओढ, परत भर. एका दिवसात होणार नाही. रोज थोडं कर, ओढलेलं तेल नव्या तेलासारखं स्वच्छ दिसेपर्यंत. आणि ओढलेलं नाल्यात ओतू नकोस.

पाइपचं मात्र पिचकारीनं होणार नाही. तो दाबाचा पाइप आहे. इंजिन चालतं तेव्हाच त्यात जोर येतो, म्हणून तो तेव्हाच गळतो. उभ्या गाडीतून थेंब पडणार नाही. तो बदलायचा तर खाली बर्फात झोपावं लागेल. मी आलो की मी झोपेन. तोवर भरत राहा. आठवड्याला बाटली लागेल असं धर, तुमच्या तीन फेऱ्यांना. काडी दर सोमवारी बघ. आणि चाक टोकाला नेऊन तिथे दाबून धरू नकोस, पाइपला सगळा ताण तिथेच बसतो.

आईला सांग, तळ्यापर्यंत नाही, तळ्याला पूर्ण वळसा घालून.

रेनो


२२ डिसेंबर

रेनो,

झालं. आठवडाभर रोज कामावरून आले की बॉनेटमध्ये डोकं. बोटं काळी, नखं काळी. चर्चमध्ये कॉफी देताना मार्थानं माझ्या हाताकडे बघितलं, म्हटलं, बघ, बघ, तुझ्याकडे नोकर असतील. पहिल्यांदा निघालं ते शेणासारखं. मग चहासारखं. कालचं लाल, खरंच लाल, बाटलीतल्यासारखं. पिचकारी आता स्वयंपाकघरात येणार नाही हे आईला कळलंय आणि तिनं तोंड फिरवलंय.

पण गाडी! एका बोटानं वळते. चर्चच्या आवारात वळवली तर पाद्र्यानं वर बघितलंच नाही. मी मुद्दाम दोनदा वळवली. तुला शाबासकी दिली असती पण तू फुगशील.

एक बाटली आठवड्याला, तू म्हणालास तसंच. नाताळात माझी स्वतःला भेट काय, तर बाटल्यांचा खोका.

आई मशीनवरून परत येताना पूर्वी जागी असायची, त्या ओरडण्यानं. आता म्हणते, ‘गाडी आता ओरडत नाही तर झोप येते बघ.’ वाकून काचेला डोकं टेकते. थकते फार. वेलदोड्याचा पाव केला तर दोन घास खाल्ले. तुला पाठवायचा म्हणाली. मी म्हटलं तिथे घेत नाहीत, तर म्हणाली, ‘त्यांना काय माहीत चांगलं काय ते.’

आई म्हणते: ‘नाताळच्या शुभेच्छा. दहा एप्रिल मी भिंतीवर लिहून ठेवलंय. मान खाली घालून बस त्यांच्यापुढे.’

आर्लीन


२ फेब्रुवारी १९९७

रेनो,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. वेळ नव्हता. लॉन्ड्रीत एक बाई पाय मोडून घरी बसली, तिचंही काम माझ्यावर.

गाडी चांगली आहे. थंडी भयंकर. सकाळी आधी इंजिन गरम होऊ देते, लगेच चाक फिरवत नाही. काडी बघितली. खुणेवर आहे.

आई झोपलीय, तिला उठवत नाही.

बर्फ खिडकीच्या वर आलाय.

आर्लीन


१४ फेब्रुवारी

थोरले,

हे काय पत्र आहे? माझ्या शेजारच्या खोलीतल्या वकिलाच्या पत्रात याहून जास्त माया असते.

आई झोपलीय तर ती उठल्यावर लिही. दोन ओळी. मोज्यांबद्दल चालेल. तू एवढी शांत असलीस की मी तेच पत्र चारदा वाचतो. ओरड काहीतरी. ऑर्विलला शिव्या दे.

मी ठीक आहे. सुतारकामाच्या वर्गात घातलंय मला, एक खुर्ची केली, एक पाय आखूड. बोर्डापुढे काय बोलायचं त्याची तयारी चाललीय. इथला पाद्री प्रश्न विचारतो, मी उत्तरं देतो. बाहेर तुझं कोण आहे, असा एक प्रश्न आहे. मी म्हणतो, आई आहे, बहीण आहे, गाडी आहे. तो म्हणतो गाडी नको सांगूस.

रेनो


२ मार्च

रेनो,

शांत कुठे आहे मी? काम आहे. ऑर्विल गाढव आहे. घे, दिली शिवी.

गाडीचं सांगते. तुला तेच पाहिजे ना. मी आता त्या गाडीला चांगली ओळखते. बॉनेटची कडी थंडीत अडकते, मी लाकडानं ठोकते. पट्टा थोडा किंचाळतो सकाळी, तो पंपाचा आवाज नाही, मला आता फरक कळतो. पंपाचा आवाज पोटातून येतो, पट्ट्याचा नाकातून. हिल्मीच्या गाडीचा पंप ओरडायला लागला तर मीच तिला सांगितलं, काडी बघ गं आधी. तिच्यात तेल टिपूसभर नव्हतं. मी भरून दिलं, हवा जाऊ दे म्हणून चाक सावकाश फिरवून घेतलं, टोकाला थांबू दिलं नाही. ती म्हणाली, ‘आर्लीन, गॅरेज काढ.’ आणि तू म्हणत होतास आठवड्याला बाटली लागेल. जानेवारीत खोक्यातून काढलेली बाटली अजून अर्धी आहे! मी गाडी तुझ्यापेक्षा बरी चालवते म्हणून. चाक टोकाला नेतच नाही.

तू खुर्ची नीट कर. दहा एप्रिलपर्यंत दुसरं काही डोक्यात आणू नकोस. आईचंही हेच म्हणणं आहे.

आर्लीन


११ मार्च

आर्लीन,

पाइप आपोआप बरा होत नाही. रबराला जखम भरत नाही.

पाइप तू बदलला नाहीस. बदलला असतास तर चार पानं ओरडली असतीस. ऑर्विलकडूनही बदलून घेतला नाहीस. पाइप तोच आहे, आणि चालत्या गाडीत तो गळणारच, चाक कसंही फिरव. डिसेंबरात आठवड्याला बाटली जात होती. आता एक बाटली फेब्रुवारी ओलांडून अर्धी उरलीय. म्हणजे गाडी उभी आहे. तू तिला शहरात नेत नाहीस.

मग आईला कोण नेतं?

मी सांगतो कोण. कोणी नाही. तू तिला त्या नर्सिंग होममध्ये टाकलंस. तिथे राहणाऱ्यांना मशीन मिळतं, आणि तू तिथेच काम करतेस, सोयीचं झालं. म्हणून ती ‘झोपलेली’ असते. म्हणून तिचं एक अक्षर नाही. तिला तिथे जायचं नव्हतं. तिनं बाबांच्या खाटेवर हात ठेवून सांगितलं होतं, मला त्या मुताच्या वासात मरायचं नाही. तू तिथे उभी होतीस. मी तिथे असतो तर हे झालं नसतं. मी नाही म्हणून तू केलंस.

एवढंच लिही: हो की नाही. मला गाडीचं काही नको.

रेनो


१८ मार्च

रेनो,

नाही.

मी तिला कुठेही टाकलं नाही. तुझ्या तोंडाला लगाम नाही तो नाहीच. तिथे गेला आहेस म्हणून काय झालं. मी तोंड शिवून बसणार होते दहा एप्रिलपर्यंत, पण हे मी ऐकून घेणार नाही. तिला टाकलं म्हणतोस? मी?

खाली बस आधी. खरंच बस. खोलीतला तो माणूस असेल तर त्याला जवळ बोलव.

आई गेली. जानेवारीत, नाताळची सजावट उतरवल्यानंतरच्या आठवड्यात. मशीनवरून परत येत होतो. ऊन पडलं होतं, तळ्यावरचा बर्फ डोळ्यांत जात होता. ती नेहमीसारखी काचेला डोकं टेकून. हीटर चालू होता, गुडघ्यांवर बाबांचं ब्लँकेट. तळ्याच्या वळणावर मी वळवली, हलकी, लोण्यासारखी वळली, आणि मी मोठ्यानं म्हटलं, ‘बघ आई, तुझ्या पोराला आहे अक्कल.’ ती बोलली नाही. मला वाटलं झोपली. घरापर्यंत मी बोलतच होते. कशाबद्दल, तर मार्थाबद्दल. दारात गाडी लावली, तिचा पट्टा सोडला आणि हात माझ्या हातात आला तेव्हा कळलं.

डॉक्टर म्हणाले हृदय थांबलं, त्रास झाला नसेल. मी विचार करते, ती गाडी ओरडत असती तर ती जागी राहिली असती. डॉक्टर म्हणाले त्यानं काही झालं नसतं. असेल. पण तू मला गाडी नीट करायला शिकवलंस आणि ती झोपली. मी तुला दोष देत नाही. मला कोणालातरी सांगायचं होतं, आणि ज्याला सांगायचं त्यालाच सांगायचं नव्हतं.

का लपवलं ते ऐक. नाताळच्या संध्याकाळी तिनं माझा हात धरला. म्हणाली, ‘मला काही झालं तर एप्रिलच्या आधी रेनोला कळवायचं नाही. त्याचा हात उठेल. मग तो म्हातारा होऊन येईल.’ मी म्हटलं तुला काही होत नाही. तिनं हात सोडला नाही, हो म्हटल्यावरच सोडला. मी गावात सगळ्यांना सांगितलं, रेनोला कोणी लिहायचं नाही. ऑर्विललासुद्धा. तो ढसाढसा रडला, म्हणाला नाही लिहिणार. तुझ्या तुरुंगात मी फोन केला नाही. मला खोटं बोलता येत नाही, म्हणून मी गाडीबद्दल लिहीत बसले. गाडीबद्दल सगळं खरं होतं. बाटलीतून पकडशील हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

ती अजून पुरलेली नाही. तुला माहीत आहे, जमीन गोठून लोखंडासारखी आहे. चर्चमागच्या विटांच्या खोलीत आहे, हिवाळ्यात गेलेल्या बाकीच्यांबरोबर. मी रविवारी जाते. दार उघडत नाहीत, मी बाहेर उभी राहते. मे महिन्यात बर्फ गेला की पुरतील.

आता तू. तुझा हात उठायचा असेल तर आधी हे परत वाच. तिनं शेवटी एकच गोष्ट मागितली. मी तिचा शब्द मोडला, कारण तू मला असलं काही लिहिलंस. तू तरी मोडू नकोस.

आर्लीन


३ एप्रिल

रेनो,

तुझं काही नाही. टपालवाल्याला मी रस्त्यातच गाठते. तिथला पाद्री फोनवर म्हणतो, ‘तो ठीक आहे, तो लिहील.’ ठीक म्हणजे काय? हात फुटलेला ठीक की न फुटलेला ठीक? एक ओळ टाक.

आर्लीन


२१ एप्रिल

आर्लीन,

न फुटलेला.

तुझं पत्र वाचून मी खोलीतल्या माणसाला म्हटलं, माझ्या हातांवर बस. तो खरंच बसला. दीडशे किलोचा माणूस आहे. जेवायची घंटा होईपर्यंत उठला नाही. रडायला लागलो तरी उठला नाही. नंतर बरेच दिवस मला लिहिता आलं नाही. जे मी तुला म्हणालो ते म्हणायला नको होतं. नर्सिंग होमचं. माफ कर. तुझ्या बाजूनं बघितलं तर सबंध हिवाळा तू एकटी होतीस आणि मी तुला तेलाच्या बाटल्या मोजायला लावत होतो.

बोर्ड झालं. मान खाली घालून बसलो. एका बाईनं विचारलं, बाहेर कोण आहे. मी म्हटलं बहीण आहे. तिनं कागद बघितला, म्हणाली इथे आईही लिहिलीय. मी म्हटलं लिहिलीय. त्यांनी मंजूर केलं. सप्टेंबरात सोडतील.

पुरण्याचं. इथल्या पाद्र्यानं सांगितलं, अर्ज केला तर एका दिवसासाठी नेतात. दोन पहारेकरी, हाताला बेड्या, कमरेला साखळी, पायांनाही. दफनभूमीत उभं करतात आणि परत आणतात. घरी नेत नाहीत, कोणाला हात लावू देत नाहीत. मी अर्ज करणार नाही. तिला मला टेबलाशी बसलेलं बघायचं होतं. मी तिच्यापुढे साखळी खळखळवत उभा राहणार नाही, आणि त्या चर्चच्या बायकांपुढे तर नाहीच. तू तिला पुरून घे. सप्टेंबरात मी एकटा जाईन तिच्याकडे. तेव्हा माझ्या पायांनी जाईन.

रेनो


१ मे

रेनो,

मंजूर झालं हे वाचून मी स्वयंपाकघरात खाली बसले. मग उठले आणि तुझं पुढचं पान वाचलं आणि परत उभीच्या उभी पेटले.

पायांनी जाईन म्हणे. तिला तुझे पाय कुठे दिसणार आहेत आता? तिच्यापुढे साखळीत उभा राहणार नाही म्हणतोस. ती तुरुंगात भेटायला यायची तेव्हा तू काय सुटाबुटात बसायचास? काचेमागच्या तुला बघून घरी येऊन म्हणायची, ‘पोर बारीक झालं.’ साखळी तिनं कधी बघितलीच नाही. तुझी बेडी तिला दिसायची नाही रे, मनगट दिसायचं.

चर्चच्या बायकांची लाज वाटते? मार्थानं जानेवारीपासून दर आठवड्याला माझ्या दारात जेवणाचं भांडं ठेवलंय आणि बेल न वाजवता गेलीय. त्या बायका तुझ्याकडे बघतील. बघू देत. दोन मिनिटं बघतील आणि मग कॉफी प्यायला जातील.

आता मी माझं सांगते. आईचं आतापर्यंत पुष्कळ सांगितलं. बाबा गेले तेव्हा तू नव्हतास. आईच्या सगळ्या फेऱ्यांना तू नव्हतास. त्या दिवशी गाडीत तू नव्हतास, तिचा हात माझ्या हातात आला तेव्हा मी दारात उभी राहून कोणाला हाक मारू ते मला सुचलं नाही, मी गाडीचा हॉर्न वाजवला. हिल्मी धावत आली. शेजारीण आली रेनो, माझं स्वतःचं माणूस नाही आलं. मी तुला हे कधी लिहिलं नसतं. पण तू सप्टेंबरात एकटा जाईन म्हणालास. तू एकटा जाशील, आणि मेमध्ये मी एकटी उभी राहीन, असंच ना? आपण दोघंच उरलोय. दोघं दोन वेगळ्या दिवशी त्याच खड्ड्याशी जाणार, हे मला मान्य नाही. मला शेजारी कोणीतरी पाहिजे. हात लावू देत नाहीत तर नको लावूस. बाजूला उभा राहा. साखळी वाजली तर वाजू दे, निदान मला ऐकू येईल की कोणीतरी आहे.

खड्डा खणणारा लौरी म्हणतो जमीन सैल व्हायला लागलीय. विटांची खोली महिनाअखेरीस रिकामी करायची आहे, सप्टेंबरपर्यंत कोणालाही ठेवत नाहीत. त्यानं शनिवार, चोवीस मे धरलाय. तुझ्या पाद्र्याशी मी फोनवर बोलले. अर्ज तुझ्या सहीनंच होतो, माझ्या नाही, मी विचारलं. आणि त्यांना दोन आठवडे लागतात. तू येणार नसशील तर मी लौरीला तारीख बदलायला लावणार नाही, पण मला ते तुझ्याकडून पाहिजे, मौनातून नको.

शुक्रवार, नऊ मे. त्या दिवशी टपालवाल्याला मी रस्त्यात गाठणार आहे. हो लिही, नाही लिही, पण त्याच्या हातात काहीतरी पाहिजे.

आर्लीन